पाळण्याचा ठेका

चौदा एप्रिलला आमच्या जिल्ह्यात एकही ढोलकीवाला मोकळा सापडत नाही. गावोगाव जयंती, गावोगाव मिरवणूक, आणि ढोलकीवर पडणारे चांगले हात मोजकेच. सुगतदादाच्या गायन पार्टीतला सिताराम तर यंदा कधीचाच पाथरीकडच्या लोकांना शब्द देऊन बसला होता. म्हणून आमच्या चुडाव्याच्या नव्या विहारात पाळण्याला ठेका धरायचं काम कीबोर्डवर आलं, आणि कीबोर्डमध्ये ठेका भरायचं काम माझ्यावर.

"तू फिजिक्सवाली," दादा म्हणाला. "त्या मशीनला तुझीच भाषा समजंल."

सुगतदादा माझा चुलतभाऊ. पाळणा म्हणते ती त्याची आई, पंचफुला, माझी मोठीमाय. जयंतीच्या सकाळी वंदना झाली की विहारात बाया पाळणा सजवतात, आत बाबासाहेबांचा लहानपणीचा म्हणून एक रंगवलेला फोटो ठेवतात, आणि दोर ओढत मोठीमाय माझ्या आजीनं रचलेला पाळणा म्हणते. मला कळायला लागल्यापासून तीच म्हणते. पण मागच्या पावसाळ्यात नांदेडला तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिचा दम वाक्याच्या मध्येच संपतो. भाजीवाल्याशी बोलतानाही संपतो. समितीनं पेनड्राइव्हवर एक तयार गाणं आणून ठेवलं होतं. मोठीमायला जमलं तर मोठीमाय, नाही तर पेनड्राइव्ह, असं ठरलं होतं. तिच्यासमोर हे कुणी बोललं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कीबोर्ड घेऊन विहारात बसले. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरचं कुत्रंही हललं नसतं. विहाराशेजारी आबासाहेबांच्या शेतात हळद शिजत होती, तिचा उग्र, ओला वास खिडक्यांतून आत येत होता आणि नव्या रंगाच्या वासात मिसळत होता. नवी फरशी गार होती. हॉलच्या मधोमध पाळणा लटकत होता, पांढऱ्या कापडाचा, निळ्या कागदी फुलांचा, रिकामा. वरच्या स्लॅबमधल्या कडीपासून चार दोर सरळ खाली आले होते. पंख्याचा वारा लागून तो अगदी थोडा हलायचा, पाण्यात ठेवलेली वस्तू हलते तसा.

ठेका भरणं मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. ड्रमचा मोड लावला की कीबोर्डच्या पट्ट्या सूर विसरतात. डावीकडची एक पांढरी पट्टी दाबली की मोठ्या ढोलाचा दबका ठोका, तिला किक म्हणतात. तिच्या जवळच स्नेअर, म्हणजे ताशासारखा कोरडा आवाज. एका काळ्या पट्टीवर मिटलेल्या झांजेची चिकचिक. चार मात्रांचं एक चक्र ठरवायचं आणि रेकॉर्ड दाबायचं. चक्र फिरत राहतं. पहिल्या फेरीत मी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक ठेवली. पुढच्या फेरीत दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर. मग सगळ्या मोकळ्या जागांत झांज. आधीचं पुसलं जात नाही, थरावर थर बसतो. माझं बोट जरा पुढंमागं पडलं तरी मशीन तो ठोका उचलून जवळच्या मात्रेवर नेऊन ठेवत होतं. ते मला आवडलं आणि थोडं खटकलंही. मी काय वाजवलं आणि मला काय वाजवायचं होतं, यातला फरक त्यानं परस्पर मिटवून टाकला होता.

वेग कुठला ठेवायचा, हा एकच प्रश्न होता. माझ्या मोबाइलमध्ये काही वर्षांपूर्वीच्या जयंतीचं रेकॉर्डिंग होतं, जुन्या विहारातलं, मोठीमायच्या धडधाकट आवाजातलं. मी ते कानाशी धरलं आणि तिच्या शब्दांबरोबर वेगाचं बटण दाबत गेले. मिनिटाला एकशे आठ मात्रा. मी तो आकडा ठेवला. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं.

मोठीमाय आली ती सगुणाबाईच्या खांद्यावर हात टाकून. सगुणाबाई शेजारची, वयानं मोठीमायच्याच बरोबरीची, आणि दोघींचं एकमेकींना टोचल्याशिवाय पाणी पचत नाही.

"ये गं बाई, बस," सगुणाबाई तिला पाळण्याजवळच्या सतरंजीवर बसवत म्हणाली. "घरापासून इथवर येता येता चार बार टेकलीस. उद्या गाणं म्हणताना कुठं टेकशील?"

"तुह्या डोक्यावर," मोठीमाय म्हणाली, आणि दोन श्वास घेऊन पुढं म्हणाली, "तितकंच कामाला यीन ते."

दादानं ठेका सुरू केला. धम् टक् धम् टक्, मध्ये झांजेची चिकचिक. रिकाम्या हॉलमध्ये तो फार मोठा वाटला. मोठीमायनं दोर हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"महूच्या वाऱ्यानं हाले पाळणा, जो बाळा..."

'जो जो'पर्यंत ती पोचलीच नाही. ठेका पुढं निघून गेला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मग तिनं वेगळाच उपाय काढला. मशीनला गाठायचं म्हणून ती दोर जोरजोरात ओढू लागली. पाळणा लांब लांब झोके घ्यायला लागला, कागदी फुलं फडफडली, पण तिला हवी ती घाई काही त्यात येईना. दुसऱ्या ओळीला ती छातीवर हात ठेवून थांबली.

"ही पेटी लय घाई करायलीय रे सुगत," ती म्हणाली. "कोन लागलंय हिच्या माघं?"

"माय, गेल्या येळेसारखाच ठेवलाय येग. तुझ्याच रेकॉर्डिंगवरनं घेतलाय नीलमनं."

"मंग मीच ती न्हाई राहिले," मोठीमाय म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. भाकरी थंड झाली असं सांगावं तसं ती बोलली. मला उन्हात उभं असल्यासारखं झालं.

दादानं वेग शंभरवर आणला, मग नव्वदवर. नव्वदला तिला दम पुरला, पण ओळ वाकडी जाऊ लागली. शब्द ठेक्याच्या अलीकडं पडत, नाही तर पलीकडं. दादा स्पीकरच्या वायरी आणायला म्हणून बाहेर पडला, आणि जाताना मला हळूच म्हणाला, "पेनड्राइव्ह लावून आवाज तपासून ठेवतो संध्याकाळी. तिला नको सांगू."

सगुणाबाई भिंतीला टेकून पेंगू लागली. मी ठेका बंद करायला विसरले, तो बारीक आवाजात चालूच राहिला. मोठीमाय दोर सोडायला विसरली. तिचे डोळे मिटलेले होते, हात मात्र आपोआप दोर ओढत होता, ढिला सोडत होता. दूर स्टेशनवर कुठली तरी गाडी थांबली, निघाली. हळदीचा वास जड झाला होता. मला वाटत होतं की आम्ही तिघी कुठल्या तरी मोठ्या, गार भांड्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वर कुठंतरी दुपार चालू आहे.

पाळणा मशीनशी जुळत नव्हता. मी ते उगाच बघत बसले. किकच्या एका ठोक्याला तो अगदी टोकाला असायचा, पुढच्या ठोक्याला मध्येच कुठंतरी, मग त्याच्याही पुढं. दोघं दुरावत जायचे, आणि बऱ्याच झोक्यांनंतर एकदा अचानक गाठ पडायची, ठोका आणि टोक एकत्र, की लगेच पुन्हा ताटातूट. एका गल्लीतून आपापल्या चालीनं जाणारी दोन अनोळखी माणसं असावीत, तसं ते होतं. आणि मग मला ऐकू आलं की मोठीमाय गुणगुणते आहे. तोंड मिटलेलं. शब्द नाहीत. फक्त चाल. ती चाल मशीनबरोबर नव्हती. पाळणा आपल्या टोकाला जाऊन क्षणभर थांबायचा, तिथं तिचा सूरही थांबायचा, श्वास आत जायचा, आणि पाळणा परत फिरला की सूर परत फिरायचा.

ती एकेक ओळ पूर्ण करत होती. झोपेत, पण पूर्ण.

मी मोबाइल पुन्हा कानाशी धरला. जुनं रेकॉर्डिंग. तिच्या आवाजाच्या मागं एक कर्र असा आवाज सतत येत होता, तो मी आधी खरखर समजून सोडून दिला होता. आता मोजून ऐकला. प्रत्येक ओळीला ठरलेल्या जागी, न चुकता, कर्र. तो जुन्या विहारातल्या कडीचा आवाज होता. जुना विहार म्हणजे पत्र्याचं शेड. उभं राहून हात वर केला की आडव्या पाइपाला लागायचा. पाळणा त्या पाइपातल्या कडीला आखूड दोरांवर बांधलेला असायचा. आणि हा नवा हॉल, वरती चांगला तेरा-चौदा फुटांवर स्लॅब.

मग मला हसूच आलं, कारण हे मी बारावीत आणि पुन्हा कॉलेजात, लोखंडी गोळ्याला दोरा बांधून केलं होतं. लंबकाला आपण किती जोरानं ढकललं याचं फारसं काही वाटत नाही. त्याला फक्त दोराची लांबी कळते. आखूड दोर, भरभर झोका. लांब दोर, सावकाश झोका. मोठीमायनं इतकी वर्षं गाण्याचा वेग कधी ठरवलाच नव्हता. तो तिला वरून, कडीकडून, दोरातून मिळत आला होता. यंदा कडी उंच गेली. हातात सावकाश पाळणा आणि कानात जुन्या पाळण्याचा ठेका, असं आम्हीच तिला दोन्हीकडून ओढत होतो.

तेवढ्यात समितीचे सूर्यभानकाका एक लोखंडी पाइप आणि घडीचं शिडीचं स्टूल घेऊन आले.

"जय भीम. उठा आता, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "पाळणा लय मंद झुलायलाय म्हणून सगळे नाव ठेवायलेत. या दोन खांबांच्या मधात पाइप टाकतो अन् वर घेतो. पहिल्यावानी होईल."

"काका, थांबा," मी म्हणाले. "तसाच राहू द्या."

"कामून?"

मी सांगायला लागले, पण सूत्र सांगून उपयोग नव्हता. "मोठीमायला आखूड पाळणा आता झेपणार नाही," मी म्हणाले. "हा झेपतोय. मला एकदा ठेका याच्यासारखा करून बघू द्या."

काका पाइप भिंतीला लावून स्टुलावर बसले. "बघ बाई. तुमची ती बीएस्सी काय म्हणते ते बघू."

मी भरलेला ठेका पुसायला घेतला. आधी झांज काढली. मग स्नेअर. राहिली फक्त किक, पहिल्या मात्रेवर एक आणि तिसरीवर एक, पाळण्याच्या दोन टोकांसाठी दोन. दुसरी आणि चौथी मात्रा मी रिकामी ठेवली. मग वेग उतरवत गेले, नव्वदवरून सत्तरपर्यंत, आणि पाळण्याकडं बघत आणखी हळू. एकोणसत्तरला पाळणा थोडा मागं पडायचा. अडुसष्टला थोडा पुढं जायचा. पाळण्याचा वेग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी होता आणि कीबोर्डला पूर्ण आकड्यांशिवाय काही समजत नव्हतं. बरोबर जुळवून सोडलं तरी काही झोक्यांनी ठोका टोकावरून घसरायचा.

मी बराच वेळ बटणाकडं बघत बसले. एकदा हा आकडा, एकदा तो. काका जांभई देत होते.

"काका," मी शेवटी म्हणाले, "मशीन काही अर्ध्यावर थांबत नाही. पाळणाच थोडा खाली घेता येईल का? दोन बोटं."

"दोन बोटं?"

"दोनच."

"आगं, लोक हात-दोन हात वर घे म्हणायलेत, आन् तू दोन बोटं खाली म्हणायलीस."

"एवढंच लागतंय. जास्त घेतला तर पुन्हा जुळणार नाही."

सूर्यभानकाकांनी स्टूल उघडलं, वर चढले आणि एकेका दोराची गाठ सोडून दोन दोन बोटांनी खाली बांधू लागले. खाली सगुणाबाई जागी झाली. "काय करायलाव हो?" तिनं विचारलं.

"पेटीच्या मापानं पाळणा शिवायलाव," काका वरून म्हणाले.

चारही गाठी झाल्या. मी वेग अडुसष्टवर ठेवला, पाळण्याला एक झोका दिला, तो टोकाला जाईपर्यंत थांबले आणि सुरू दाबलं. धम्. तो परत फिरला, मधून गेला, दुसऱ्या टोकाला पोचला. धम्. पुन्हा. धम्. आम्ही सगळे बघत होतो. ठोका आणि टोक एकमेकांना सोडून जाईनात. काका स्टुलावर उभेच राहिले, हात अजून दोरापाशी, उतरायचं विसरल्यासारखे. दोन ठोक्यांमधली ती शांतता इतकी मोठी होती की तिच्यात पंख्याची घरघर, चिमणी, बाहेरची कुणाची तरी हाक, सगळं मावत होतं.

"मोठीमाय," मी हळूच म्हणाले. "तू म्हण. तो टोकाला थांबला की तूबी थांब. श्वास घे. तो कुठं जात न्हाई."

तिनं डोळे उघडले, पाळण्याकडं थोडा वेळ पाहिलं.

"महूच्या वाऱ्यानं," ती म्हणाली. धम्. श्वास. "हाले पाळणा." धम्. श्वास. "जो बाळा." धम्. "जो जो."

एक पूर्ण कडवं झालं. घाम आला होता तिला, पण छातीवर हात गेला नाही.

दादा वायरींचं भेंडोळं घेऊन दारात उभा होता. तो कधी आला होता कुणास ठाऊक. "नीले, याला बीट म्हनतेत का?" तो म्हणाला. "निस्तं धम् धम्. दोनातून एक मात्रा खाली. उद्या बाया झोपून जातील."

"आरं, पाळणाच हाय की रे तो," सगुणाबाई म्हणाली. "लेकरू झोपावं म्हणूनच म्हनतेत. तू लेकरू होता तवा झोपला न्हाईस, म्हणून तुला म्हाईत न्हाई."

दादा हसला, पण त्याचा चेहरा मोकळा झाला नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक कडवं झालं. पाच हायेत. मधात दम गेला तर? सगळ्या गावासमोर? मी पेनड्राइव्ह लावूनच ठेवतो, माझं बोट बटणावर राहील."

दोराची लांबी मोजता येते, तिच्या फुप्फुसात किती कडवी आहेत ते मला मोजता येणार नव्हतं.

जयंतीची सकाळ पांढरी आणि निळी होती. पांढऱ्या लुगड्यांनी हॉल भरला, दारात चपलांचा ढीग झाला, पोरं खिडक्यांच्या गजांना लोंबकळली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पाळण्यात फोटो ठेवला, त्याभोवती मोगऱ्याची फुलं. मोठीमाय सतरंजीवर बसली. आदल्या दिवशी विहारातून घरी जाताना ती वाटेत कितीतरी वेळा थांबली होती. आज मात्र ती पाठ ताठ करून बसली होती आणि दोर तिच्या मांडीवर होता. मी कीबोर्डपाशी, दादा स्पीकरपाशी. पेनड्राइव्हचा लहानसा निळा दिवा लुकलुकत होता.

तिनं पाळणा ओढला. मी तो टोकाला जायची वाट पाहिली आणि सुरू दाबलं.

पहिल्या ओळीला पोरं कुजबुजली, कारण इतकं सावकाश काही त्यांनी स्पीकरमधून कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला कुजबूज थांबली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाया 'जो जो' म्हणत, आणि एवढ्या गळ्यांतून आलेला तो मऊ आवाज हॉलच्या उंचीत वर जाऊन फिरून खाली यायचा. माझ्यासमोर एका म्हातारीची मान पाळण्याबरोबर डावीउजवी होत होती. मला वाटलं, मला स्वप्न पडतंय आणि त्यात पडद्यावर अडुसष्ट असा आकडा आहे.

तिसऱ्या कडव्यात, दुसऱ्या ओळीच्या आधी, मोठीमाय थांबली.

धम्. पाळणा टोकावरून फिरला. ती काही म्हणाली नाही. तिचं तोंड उघडं होतं, खांदे वरखाली होत होते. धम्. दुसरं टोक. दादाचा हात बटणाकडं गेला. मी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं माझ्याकडं, मग मी पुन्हा पाळण्याकडं बघत राहिले. दादाही तिकडं बघू लागला.

धम्. कुणी हललं नाही. कुणी घाबरलंही नाही, याचं मला नवल वाटलं. ठोके पडत होते आणि पाळणा हलत होता, त्यामुळं गाणं बंद पडलंय असं कुणाला वाटलंच नाही. ते गाण्यातलंच काही असावं तसे सगळे त्या शांततेत बसून राहिले. मोठीमायचा हात दोर ओढत होता. ओढला, सोडला. सोडला की श्वास आत जाताना दिसत होता, एक, आणि पुढच्या झोक्याला दुसरा, जरा खोल. चक्र पूर्ण फिरलं. मग आणखी एक.

मग पाळणा टोकाला जाऊन थांबला आणि परत फिरताना तिनं दुसरी ओळ म्हटली, जिथं गाणं सोडलं होतं तिथूनच, त्याच सुरात. दादानं बटणावरून हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बायांनी 'जो जो' धरला. तिसरं कडवं झालं, आणि ती चौथ्यासाठी थांबली, या वेळी आपल्या मर्जीनं, आरामात, एक पूर्ण झोका तिनं रिकामा जाऊ दिला.